आले किती, मोजले किती

ग्वाल्हेरचा किल्ला गुजरी महालाच्या बाजूने चढायला लागलं की चढणीवरच, खडकातून कोरून काढलेलं चतुर्भुजाचं एक लहानसं देऊळ लागतं. बरेच पर्यटक मानमंदिराच्या ओढीने ते मागे टाकून पुढे जातात. देवळात विक्रम संवत ९३३ चा, म्हणजे इ. स. ८७६ चा, संस्कृत शिलालेख आहे. मजकूर सरकारी दप्तरात शोभावा असा कोरडा: देवाच्या फुलबागेसाठी जमीन दिली, लांबी २७० हस्त, रुंदी १८७ हस्त, आणि रोज ५० माळा देवाला पोचवायच्या. यातल्या २७० मधलं आणि ५० मधलं शून्य आपण आज काढतो तसंच गोल आहे, फक्त शेजारच्या आकड्यांपेक्षा जरा लहान. त्या दोन वाटोळ्यांपायी जगभरचे गणितवेडे ही चढण चढून येतात.

मला त्या शून्याइतकंच लेखातलं आणखी एक बारीक काम आवडतं. नुसतं ‘हस्त’ म्हणून भागवलेलं नाही, हस्त कोणता तेही सांगितलं आहे: राजमान्य, सरकारी मापाचा. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर माणसागणिक बदलतं. उंच माळ्याने मोजलं तर बाग २५० हस्तांची भरेल आणि ठेंगण्या कारकुनाने मोजलं तर ३०० ची. दोघांपैकी खोटं कोणीच बोलत नसेल. भांडण नको म्हणून कोरणाऱ्याने हात ठरवून टाकला. आज ज्याला आपण वेबसाइटचं ट्रॅफिक म्हणतो, त्याच्या मोजणीत नेमका हाच हात ठरवायचा राहून जातो.

किल्ल्यावरून खाली शहराच्या लष्कर भागात येऊ. समजा, इथल्या एखाद्या संगीत विद्यालयाने तानसेन समारोहाच्या सुमारास ग्वाल्हेर घराण्यावरचा एक मराठी लेख आपल्या वेबसाइटवर टाकला. वाचक मिळायला हरकत नाही. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी हे गाणं महाराष्ट्रात नेलं, त्यांच्याकडून ते विष्णु दिगंबर पलुस्करांकडे गेलं, त्यामुळे मिरज-सांगलीपासून पुण्या-मुंबईपर्यंत या विषयाचे दर्दी पसरलेले आहेत. त्यात २०२३ साली युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हणून निवडलं आणि २०२४ चा समारोह शंभरावा होता. महिना संपला, आणि विद्यालयाच्या कार्यालयात आकडे आले. होस्टिंग कंपनीच्या पॅनेलवर ३०,००० हिट्स. त्याच पॅनेलमधल्या ‘ऑस्टॅट्स’ नावाच्या मोजणीत २,१०० भेटी. गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये ६४० वापरकर्ते. गूगलच्याच सर्च कन्सोलमध्ये २१० क्लिक्स. (आकडे माझ्या कल्पनेतले आहेत, त्यांच्यातली तफावत मात्र रोज कुठे ना कुठे दिसणारी आहे.) वार्षिक अहवालात कोणता आकडा जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको. पण पहिला धक्का ओसरला की प्रश्न उरतो: एकाच लेखाचे वाचक एका जागी ३०,००० आणि दुसऱ्या जागी २१० कसे?

१९०५ पासून भरणाऱ्या ग्वाल्हेरच्या मेळ्याला किती माणसं आली, हे वेगवेगळ्या लोकांना विचारून पाहा. वाहनतळावरचा पोरगा गाड्या सांगेल, पाळणेवाला तिकिटं सांगेल, पोलीस गर्दीचा अंदाज सांगेल, आणि घरी बसलेली आजी म्हणेल, आपल्याकडचे चौघे गेले होते. वेबसाइटची मोजणी अशीच वेगवेगळ्या जागी उभी असलेली मंडळी करत असतात. कोण कुठे उभं आहे ते कळलं की निम्मी तफावत तिथेच उलगडते.

सर्वांत आत, वेबसाइटच्या दारातच, उभा असतो सर्व्हर. त्याची वही म्हणजे लॉग. कोणीही काहीही मागितलं की तो एक ओळ लिहितो. नागरीत उतरवली तर ती साधारण अशी दिसेल:

२०३.०.११३.४५ [१६/डिसेंबर/२०२४:१९:४८:१२ +००००] “गेट /ग्वाल्हेर-घराणे/” २०० ४८२१६ “गूगल” “मोझिला/५.० अँड्रॉइड…”

पहिला आकडा म्हणजे मागणाऱ्याचा इंटरनेटवरचा पत्ता (इथे नमुन्याचा). मग तारीख-वेळ. मग मागणी. २०० म्हणजे ‘मिळालं, दिलं’. पान सापडलं नसतं तर ४०४ आलं असतं. ४८,२१६ बाइट धाडले. पाहुणा गूगलवरून आला. आणि शेवटी पाहुण्याने स्वतःची करून दिलेली ओळख. या ओळखीतली गंमत अशी की जगातला जवळजवळ प्रत्येक ब्राउझर आपलं नाव ‘मोझिला’ सांगतो. नव्वदच्या दशकात काही सर्व्हर फक्त मोझिला म्हणवणाऱ्यांनाच चांगली पानं देत, म्हणून बाकीच्यांनी ते नाव लावून घेतलं आणि ते आजवर कोणी टाकलेलं नाही. गूगलचा रोबोसुद्धा स्वतःला मोझिला म्हणवतो. ज्या वहीत सगळ्यांची आडनावं एकच आहेत, तिच्यावरून माणसं मोजायची आहेत हे लक्षात असू द्या.

शिवाय ही एक ओळ म्हणजे एक वाचक नव्हेच. लेखाचं पान उघडलं की ब्राउझर त्याच्यासोबतचे फोटो, अक्षरांचे फॉन्ट, रंगरूपाच्या फायली, कोपऱ्यातलं बोधचिन्ह, सगळं वेगवेगळं मागून घेतो. चाळीस वस्तू असतील तर चाळीस ओळी. हेच ते हिट्स. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, त्याच वर्षी ‘अ‍ॅनालॉग’ हा लॉग मोजणारा प्रोग्राम आला, १९९७ साली ‘वेबलायझर’ आणि २००० च्या आसपास ‘ऑस्टॅट्स’. त्या काळात हिट्स मिरवायची पद्धत होती. पानावर बोधचिन्हांची रांग लावली की वाचक तेवढेच राहूनही हिट्स दुप्पट होत! ३०,००० चा आकडा तिथून येतो, आणि माझ्या मते तो अहवालात छापणं म्हणजे लग्नाच्या पंगतीऐवजी वाढलेल्या पुऱ्या मोजणं आहे. ऑस्टॅट्स त्यातून फोटो-बिटो वगळून, एका पत्त्यावरून लागोपाठ आलेल्या मागण्या जोडून ‘भेट’ बनवतो. तरी २,१०० उरल्याच.

त्या २,१०० मध्ये डोळे असलेले किती, हा पुढचा प्रश्न. गूगल, बिंग यांचे रोबो पानं चाळत फिरत असतात. कोणाच्या वेबसाइटला कोण जोडलंय हे बघणाऱ्या जाहिरात-सल्लागारांचे रोबो असतात. आता भाषेची मॉडेलं घडवणाऱ्या कंपन्यांचे आले. कुलूप कुठे सैल आहे हे बघत फिरणारे भुरटेही असतात. तुमची वेबसाइट वर्डप्रेसवर नसली तरी तिचं वर्डप्रेसचं लॉगिन पान मागून पाहतात. सुरक्षेच्या क्षेत्रातल्या इम्पर्व्हा या कंपनीच्या अहवालानुसार २०२४ साली वेबवरच्या एकूण वाहतुकीपैकी ५१ टक्के माणसांची नव्हतीच. यातले बरेच रोबो खरं नाव सांगतात, त्यांना ऑस्टॅट्स बाजूला काढू शकतो. जे सांगत नाहीत, ते पाहुण्यांत मोजले जातात.

आणि मग व्हॉट्सअ‍ॅप. कोणी काकूंनी लेखाची लिंक घरच्या ग्रुपमध्ये चिकटवली की पाठवण्याआधीच शीर्षक आणि छोटा फोटो उमटतो. तो आणण्यासाठी काकूंच्याच फोनने गुपचूप सर्व्हरचं दार ठोठावलेलं असतं. लॉगमध्ये ओळ पडली, लेख अजून कोणी उघडलाही नाही. उलट ग्रुपमधल्या कोणी तो उघडला, तर बहुतेकदा ‘कुठून आला’ ही जागा कोरी राहते आणि अ‍ॅनालिटिक्स त्याला ‘डायरेक्ट’च्या रकान्यात टाकतं, जणू त्याने पत्ता पाठ करून टाइप केला. मराठी वेबसाइटवर ‘डायरेक्ट’चा ढीग मोठा दिसला, तर त्यातला बराचसा काकू-मामांच्या ग्रुपमधून आला असावा असं मी खुशाल धरून चालतो.

गूगल अ‍ॅनालिटिक्स दुसऱ्या जागी उभं आहे: वाचकाच्या फोनमध्ये. २००५ साली गूगलने ‘अर्चिन’ ही कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात हे साधन सर्वांना खुलं केलं. पानात एक चिमुकला जावास्क्रिप्टचा तुकडा असतो. पान फोनवर पोचलं, तुकडा चालला, त्याने गूगलला निरोप धाडला, तर माणूस मोजला जातो. बरेचसे रोबो हा तुकडा चालवतच नाहीत. चालवतात त्यातल्या ओळखीच्यांना गूगल यादी बघून वगळतं. म्हणून २,१०० चे ६४० होतात. पण गाळणीतून माणसंही निसटतात. भिंड-मुरैनाच्या वाटेवर गाडीत बसलेल्या वाचकाचं नेटवर्क अर्ध्यात गेलं, पान निम्मं उघडलं, त्याने कंटाळून मागे बोट मारलं: सर्व्हरच्या वहीत तो आहे, गूगलच्या नाही. जाहिराती अडवणारे ब्राउझर हा तुकडाही अडवतात. आणि जर्मनीत राहणारी पलुस्करांच्या परंपरेतली एखादी गायिका कुकीच्या पाटीवर ‘नको’ दाबते, तेव्हा तिने लेख तीनदा वाचला तरी ती या हिशेबात आलीच नाही असं होऊ शकतं.

याच्या उलटही घडतं. वेबसाइटच्या पुढे क्लाउडफ्लेअरसारखी सेवा बसवलेली असेल, तर ती पानाची प्रत वाटेतच साठवून परस्पर देऊन टाकू शकते. मग मूळ सर्व्हरला खबरच नसते; त्याच्या वहीत शुकशुकाट आणि अ‍ॅनालिटिक्समध्ये वर्दळ. ‘लॉगचा आकडा नेहमी मोठा असतो’ ही बाळबोध समजूत इथे पडते.

सर्च कन्सोल तिसऱ्याच जागी, गूगलच्या शोधाच्या पानावर, उभं आहे. तिथून कोणी लिंकवर बोट ठेवून बाहेर पडला की त्याची क्लिक झाली. पुढे पान उघडलं का, हे त्याला ठाऊक नाही आणि ते त्याचं कामही नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून, फेसबुकवरून, थेट आलेले त्याच्या नजरेच्या बाहेर. म्हणून २१०.

आता ‘माणूस’ या शब्दाकडे येऊ, कारण सगळ्यांत निसरडा तोच आहे. लॉग माणसाला पत्त्यावरून ओळखतो. मोबाइल कंपन्या असंख्य ग्राहकांना मोजक्या सार्वजनिक पत्त्यांमागे बसवतात, त्यामुळे दौलतगंजातले दोन अनोळखी वाचक लॉगला एकच माणूस वाटू शकतात. दुसरीकडे, नव्या पद्धतीच्या लांब पत्त्यांत फोन आपला पत्ता मधूनमधून बदलतो. तिथे एकच माणूस अनेक वाटतो. अ‍ॅनालिटिक्स माणसाला कुकीवरून ओळखतं, म्हणजे ब्राउझरमध्ये ठेवलेल्या एका क्रमांकावरून. सकाळी फोनवर आणि दुपारी ऑफिसच्या संगणकावर वाचणारा एक गृहस्थ म्हणजे दोन वापरकर्ते. एकच फोन आळीपाळीने वापरणारे आजोबा, सून आणि नातू म्हणजे एक. २०१९ पासून आयफोनचा सफारी ब्राउझर अशा कुकीचं आयुष्य सात दिवसांवर आणतो. दर दुसऱ्या रविवारी लेख वाचायला येणारा निष्ठावंत आयफोनवाला दर वेळी नवाच पाहुणा म्हणून नोंदला जातो. विद्यालयाला आनंद होतो की नवे रसिक येताहेत.

वेळेचा घोळ मला विशेष प्रिय आहे. वरच्या ओळीतली वेळ पुन्हा पाहा: १६ डिसेंबर, १९ वाजून ४८ मिनिटं, आणि पुढे चार शून्यं. ती शून्यं सांगतात की ही जागतिक प्रमाणवेळ आहे, ग्रिनिचची. ग्वाल्हेरात तेव्हा १७ तारीख उजाडून १ वाजून १८ मिनिटं झालेली होती. मैफलीतून घरी परतून, झोप येईना म्हणून फोन घेऊन बसलेला कोणी रसिक. अ‍ॅनालिटिक्सला भारताची वेळ सांगून ठेवलेली असेल तर त्याच्या लेखी ही भेट १७ ची, सर्व्हरच्या लेखी १६ ची. सर्च कन्सोल तर आपला दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या घड्याळाने पाडतं, म्हणजे हिवाळ्यात त्याची मध्यरात्र आपल्याकडे दुपारी दीड वाजता होते. १७ तारखेला सकाळी दहाला ग्वाल्हेरातून कोणी क्लिक केलं, तर लॉगमध्ये ती १७ ची आणि सर्च कन्सोलमध्ये १६ ची. ‘कालचे आकडे जुळत नाहीत’ अशी तक्रार जो करतो, त्याने आधी कोणाचा काल, हे विचारावं. आणि तसं पाहिलं तर आपली भारतीय प्रमाणवेळही ठरवलेलीच आहे: ती ८२.५ अंश रेखांशावरची. ग्वाल्हेर ७८.२ च्या आसपास आहे, त्यामुळे इथला सूर्य घड्याळाच्या सुमारे १७ मिनिटं मागे चालतो.

इथवर सगळं उभं राहण्याच्या जागेचं झालं. पण खरी थक्क करणारी गोष्ट पुढे आहे. अ‍ॅनालिटिक्स जो ६४० चा आकडा दाखवतं, तो मोजलेला असेलच असं नाही. तो अंदाज असतो, आणि त्या अंदाजाचं तंत्र शून्यांवर उभं आहे.

अडचण अशी. एखाद्या वेबसाइटवर कोट्यवधी भेटी झाल्या. वेगवेगळी माणसं किती? सरळ मार्ग म्हणजे आलेल्या प्रत्येकाचा क्रमांक लिहून ठेवायचा, आणि नवा आला की सगळी यादी तपासायची: हा आधी येऊन गेलाय का? अब्जभर क्रमांकांची यादी ठेवायला जागा लागते, तपासायला वेळ. लाखो वेबसाइटसाठी, प्रत्येक दिवसासाठी, प्रत्येक शहरासाठी अशी वेगळी यादी ठेवणं परवडणारं नाही. फिलिप फ्लाजोले नावाच्या फ्रेंच संगणकशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून यावर डोकं चालवलं, आणि २००७ साली त्यातून ‘हायपरलॉगलॉग’ नावाची पद्धत तयार झाली. यादी ठेवायचीच नाही. कोण आलं होतं हे साफ विसरायचं. आणि तरी किती आले ते सांगायचं.

ते कसं? प्रत्येक पाहुण्याच्या क्रमांकावर एक ठरलेली गणिती प्रक्रिया चालवतात, तिला हॅश म्हणतात. तिच्यातून शून्य आणि एक यांची एक लांब माळ बाहेर पडते, दिसायला पूर्ण बेशिस्त, जणू कोणी नाणं उडवत छापा-काटा लिहीत गेलं. पण एका क्रमांकाची माळ नेहमी तीच येते. आता ही माळ डावीकडून वाचायची. निम्म्या पाहुण्यांची माळ शून्याने सुरू होईल. पाव पाहुण्यांची दोन शून्यांनी. आठव्या हिश्शाची तीन शून्यांनी. सुरुवातीलाच लागोपाठ दहा शून्यं यायची शक्यता १,०२४ मध्ये एक. वीस शून्यांची १०,४८,५७६ मध्ये एक. मग मोजणाऱ्याने फक्त एवढंच लक्षात ठेवायचं: आजवर सुरुवातीला सर्वांत जास्त शून्यं किती दिसली? उत्तर दहा असेल तर हजारेक वेगळे पाहुणे आले असावेत. वीस असेल तर दहा लाखांच्या घरात. तोच पाहुणा पन्नास वेळा आला तरी त्याची माळ तीच, म्हणून विक्रम काही वाढत नाही. दुबार मोजणीचा प्रश्न आपोआप मिटला. कोणाचं नाव नाही, यादी नाही, हाताशी फक्त एक लहानसा आकडा!

अर्थात नशिबाचा भाग राहतो. पहिल्याच पाहुण्याची माळ पंधरा शून्यांची निघाली तर रिकाम्या दालनात ३२,००० माणसं दिसतील. म्हणून माळेच्या पहिल्या काही घरांवरून पाहुण्यांना हजारो गटांत विभागतात, प्रत्येक गटाचा विक्रम वेगळा ठेवतात, आणि शेवटी या सगळ्यांची एका खास प्रकारची सरासरी काढतात. ही हरात्मक सरासरी, जिच्यात एखाद्या भाग्यवान गटाचा उड्या मारणारा आकडा बाकीच्यांना ओढून नेऊ शकत नाही. फ्लाजोले आणि सहकाऱ्यांच्या निबंधातला दावा असा होता की अब्जाहून जास्त वेगवेगळ्या वस्तू साधारण २ टक्क्यांच्या चुकीने मोजायला दीड किलोबाइट जागा पुरते. दीड किलोबाइट म्हणजे किती? संगणकात नागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात, काना-मात्रेलाही तेवढेच. म्हणजे पाचशेच चिन्हं. तुम्ही आत्ता वाचता आहात तो परिच्छेदही तेवढ्या जागेत मावणार नाही, आणि अब्जभर माणसांची मोजदाद मावते.

दुसरी खुबी: सोमवारचे विक्रम आणि मंगळवारचे विक्रम गटागटाने शेजारी ठेवून प्रत्येकातला मोठा उचलला, की दोन्ही दिवसांचे मिळून वेगळे पाहुणे किती ते निघतं. दोन्ही दिवशी आलेला एकदाच धरला जातो. रोजच्या वापरकर्त्यांची बेरीज आठवड्याच्या वापरकर्त्यांइतकी का येत नाही, हा विद्यालयाच्या कारकुनाला छळणारा प्रश्न इथे सुटतो: बेरीज करायचीच नव्हती, मोठा निवडायचा होता. गूगलच्या लोकांनी २०१३ साली या पद्धतीची सुधारलेली आवृत्ती प्रसिद्ध केली, आणि अ‍ॅनालिटिक्सच्या पडद्यावर दिसणारे वापरकर्ते आणि सेशन (म्हणजे भेटी) तिच्यातूनच येतात. त्यामुळे तोच कच्चा माल गूगलच्या दुसऱ्या सेवेत उतरवून एकेक करून मोजला तर उत्तर थोडं वेगळं येतं. एकाच कंपनीच्या दोन खिडक्यांतून दोन आकडे, आणि दोन्ही बरोबर. ‘रेडिस’ या लोकप्रिय डेटाबेसमध्ये अशा मोजणीच्या आज्ञांची सुरुवात ‘पीएफ’ या अक्षरांनी होते. ती २०११ साली वारलेल्या फिलिप फ्लाजोलेची आद्याक्षरं आहेत. गणितज्ञाला असं स्मारक क्वचितच मिळतं.

एक खास आपल्या लिपीचं प्रकरण सांगायलाच हवं, कारण इंग्रजी मार्गदर्शिकांत ते सहसा सापडत नाही. वेबपानाचा पत्ता नागरीत असला तरी प्रवासात तो सांकेतिक होतो: प्रत्येक बाइटची तीन अक्षरं, त्यातलं पहिलं टक्क्याचं चिन्ह. ‘तानसेन’ लिहायला संगणकाला सहा चिन्हं, अठरा बाइट, आणि म्हणून लॉगमध्ये चोपन्न अक्षरांचं शेपूट. या सांकेतिक रूपात रोमन अक्षरं येतात, ती मोठी लिहिली काय किंवा लहान, अर्थ एकच. वर्डप्रेस ती लहान लिहितं. कोणी पत्ता नागरीत टाइप केला तर ब्राउझर मोठी लिहितो. लॉग मोजणारा प्रोग्राम भोळा असेल, तर त्याच्या तक्त्यात एकच लेख दोन ओळींत विभागून येतो आणि विद्यालयाला वाटतं, लेख फारसा चालला नाही. त्याहून वरकड म्हणजे ‘दुसऱ्या’, ‘गाणाऱ्या’ यांतला तो अर्धा र. तो टाइप करायच्या दोन रीती आहेत, कळफलकागणिक वेगळ्या. डोळ्याला दोन्ही सहसा सारख्याच दिसतात, पण आतले बाइट निराळे. शोधल्या गेलेल्या शब्दांच्या यादीत एकसारखे दिसणारे दोन शब्द खाली-वर, वेगवेगळ्या आकड्यांसह, बसलेले दिसले तर चष्मा पुसायची गरज नाही. आणि फारच थोड्यांनी शोधलेले शब्द सर्च कन्सोल दाखवतच नाही, माणूस ओळखू येऊ नये म्हणून. मराठीत दुर्मीळ शोधच जास्त, त्यामुळे शब्दांच्या यादीची बेरीज एकूण क्लिक्सपेक्षा बरीच कमी भरू शकते.

मग अहवालात काय लिहायचं? माझं मत विचाराल तर एक साधन निवडावं, त्याचं घड्याळ भारताचं करावं, विद्यालयातले स्वतःचेच संगणक मोजणीतून वगळावेत, आणि आकड्यापुढे तो कशाचा आहे ते लिहावं. दुसऱ्या वेबसाइटशी तुलना करायच्या फंदात पडू नये. अलेक्सा नावाची अ‍ॅमेझॉनची कंपनी वर्षानुवर्षं जगातल्या वेबसाइटना क्रमांक वाटत असे. त्या क्रमांकांसाठी मराठी संपादकही एकमेकांशी स्पर्धा करत. तिचा मोठा आधार होता आपल्या ब्राउझरवर तिची पट्टी बसवून घेतलेल्या लोकांचा नमुना. २०२२ च्या मे महिन्यात अ‍ॅमेझॉनने तिचं दुकान बंद केलं.

बाकीची साधनं मात्र फेकून देऊ नयेत. त्यांच्या आकड्यांपेक्षा त्यांच्यातलं अंतर जास्त बोलतं. रात्रीत लॉग फुगला आणि अ‍ॅनालिटिक्स जागचं हललं नाही, तर कोणी रोबो सगळी वेबसाइट उपसून गेला. अ‍ॅनालिटिक्स वाढलं आणि लॉग ओसाड, तर वाटेतली साठवण काम करते आहे. सर्च कन्सोलमध्ये २१० क्लिक्स आणि अ‍ॅनालिटिक्समध्ये शोधातून आलेले जेमतेम ९० सेशन, असं महिनोन्‌महिने दिसत राहिलं, तर लोक दारापर्यंत येताहेत आणि पान उघडायच्या आतच परत फिरताहेत अशी शंका घ्यायला जागा आहे. तसं असेल, तर विद्यालयाने लेखाच्या डोक्यावर लावलेला समारोहाच्या मंचाचा तो सहा एमबीचा फोटो आधी लहान करावा, आणि मग पुढच्या महिन्याची वाट बघावी.